घरातील मांजराच्या चिवट पिसवा : चिकित्सा मांजराची की वास्तूची?

विषयप्रवेश

आपल्या त्रैमासिकात मांजराचा विषय यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत दवाखाना अथवा औषधी दुकान चालविणाऱ्या कोणासही हा विषय परका नाही. पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की दोन प्रकारचे लोक आपल्याकडे येऊ लागतात. एकाच्या घोट्यापासून पोटरीपर्यंत तांबड्या, खाजऱ्या पुळ्या असतात. दुसरा रुग्ण नसतोच, तो दुकानाच्या फळीवर हात टेकून विचारतो, "मांजराला पिसवा झाल्यात, काही आयुर्वेदिक तेल आहे का? म्हणजे अपाय नको व्हायला."

हे दोघे पुष्कळदा एकाच घरातील असतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. पहिल्याला आपण रक्तदुष्टी समजून मंजिष्ठादि काढा देतो आणि दुसऱ्याला करंज तेलाची बाटली. पंधरा दिवसांनी दोघेही तीच तक्रार घेऊन परत येतात. औषध का लागू पडत नाही, आणि 'अपाय नको' म्हणून मागितलेल्या आपल्याच औषधाने मांजराच्या जिवावर कसे बेतते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचा एक अनुभव

हा विचार आम्हांस पुस्तकामुळे सुचला नाही. स्वतःच्या चुकीमुळे सुचला. काही वर्षांपूर्वी भोरमधील एका जुन्या वाड्यातील कुटुंब आमच्याकडे आले. मुलांच्या पायांवर पुळ्या होत्या आणि घरातील मांजरीने नुकतीच तीन पिल्ले घातली होती. मांजर उंबऱ्याबाहेर फारशी जात नसे, तरीही तिच्या अंगावर पिसवांचा सुळसुळाट झाला होता. आम्ही करंज तेलात कापूर विरघळवून दिला आणि थोडे वेखंड चूर्ण मिसळून चोळण्यास सांगितले. माणसाच्या कंडूवर अशा योगाचा उपयोग आम्ही अनेकदा केला होता, त्यामुळे मनात शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. मांजरीच्या तोंडातून लाळ गळत होती, अंगाला कंप सुटला होता व ती भिंतीला धडकत चालत होती. पशुवैद्यांनी तिचे अंग धुऊन काढले, उपचार केले, आणि ती वाचली. अंगाला तेल लागलेल्या आईला बिलगून दूध पिणारी दोन पिल्ले मात्र दगावली. पिसवा होत्या तितक्याच राहिल्या. त्या घरातील लहान मुलीने आम्हांस विचारले, "डॉक्टर, औषध जास्त झालं का?" त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

पिसवा चिवट का असतात?

मांजराच्या अंगावर दिसणारी पिसू ही प्रौढ कीटक होय. शास्त्रीय परिभाषेत तिला टेनोसेफॅलायडिस फेलिस म्हणतात. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावरही राहते आणि माणसालाही चावते. मांजराच्या अंगावर येताच ती काही मिनिटांत रक्त पिऊ लागते. मादी एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते.

ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, हा पहिला कळीचा मुद्दा. उवेची लीख केसाला धरून बसते. पिसवेचे अंडे मिठाच्या कणासारखे घरंगळून खाली पडते. मांजर जेथे निजते, जेथे अंग झटकते, जेथून उडी मारते, तेथे ती विखुरली जातात. गोधडीच्या शिवणीत, फरशीच्या सांध्यात, जमिनीच्या भेगांत, माळ्यावरच्या पेंढ्यात, जुन्या पोत्यांखाली ती जाऊन बसतात. काही दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती उजेडापासून दूर सरकते आणि प्रौढ पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेल्या रक्ताचे कण, खाऊन वाढते. पुढे ती रेशमासारखा चिकट कोश विणते. त्या कोशाला धूळ चिकटल्याने तो डोळ्यांना दिसत नाही.

एखाद्या घरात शंभर पिसवा आहेत असे धरले, तर त्यांपैकी साधारण पाचच मांजराच्या अंगावर असतात. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळी व कोश या रूपांत घरात असतात, असे कीटकशास्त्रज्ञ मानतात. आपण ज्या मांजराला तेल चोळतो ते या संकटाचा विसावा हिस्सा अंगावर वागवीत असते.

दुसरा कळीचा मुद्दा कोशाचा. कोशातील पिसवेपर्यंत कीटकनाशक पोहोचत नाही. अनुकूल हवेत अंड्यापासून प्रौढ होण्यास तीन-चार आठवडे पुरतात, परंतु कोशातील पिसू घाई करीत नाही. जवळपास रक्ताचा प्राणी नसेल तर ती कित्येक आठवडे, प्रसंगी चार-पाच महिने, कोशातच थांबते. पावलांचे हादरे, अंगाची ऊब आणि श्वासातून सुटणारा कर्बवायू या खुणा मिळाल्या की ती बाहेर पडते. म्हणूनच उत्तम औषध योग्य रीतीने वापरले तरी पहिले काही आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतात. गृहस्थ म्हणतो, "औषधात दम नाही," आणि दुसरे, अधिक जहाल औषध मागतो. याच टप्प्यावर बहुतेक अपघात घडतात.

सुमारे वीस ते तीस अंश उष्णता व भरपूर आर्द्रता ही पिसवेची आवडती ऋतुचर्या. पन्नास टक्क्यांहून कमी आर्द्रतेत अळ्या जगत नाहीत. आपल्या मावळपट्ट्यात आषाढ ते आश्विन ही चारही महिन्यांची हवा जणू तिच्यासाठीच असते. धुतलेली गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, भिंतींना ओल येते, घरात ऊन शिरत नाही.

बंद घर आणि घालवलेले मांजर

वेल्ह्याच्या पश्चिम भागातील अनेक घरे वर्षातील बराच काळ कुलूपबंद असतात. मंडळी पुण्या-मुंबईस असतात आणि गणपतीला दार उघडते. उघडताच पहिल्या तासाभरात पाय पिसवांनी काळे होतात. "घरात जनावर नाही, मग पिसवा आल्या कोठून?" असा प्रश्न हमखास येतो. ज्येष्ठात एखाद्या मांजरीने माळ्यावर पिल्ले घालून ती पुढे नेलेली असतात. मागे राहिलेले कोश दोन-अडीच महिने कोणाच्या तरी पावलांची वाट पाहत असतात. कुटुंब आत शिरते आणि सर्व पिसवा एकाच वेळी बाहेर पडतात.

यावरून एक लोकप्रिय उपाय किती फसवा आहे हे कळते. पिसवा झाल्या की मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून यावयाचे, असा रिवाज अनेक घरांत आहे. मांजर जाते, कोश राहतात. आणि कोशांतून निघालेल्या पिसवांना माणसावाचून दुसरा आधार उरत नाही. मांजर घालवल्यानंतर चावे वाढल्याची तक्रार आपण ऐकली असेल, तिचे कारण हेच.

हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे लोकांना कळले होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगांतून उंदराची पिसूच रोग वाहते हे दाखविले, आणि १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. उंदीर मरून थंड झाला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात, आणि ते अंग माणसाचे असते. उंदराची पिसू व मांजराची पिसू या जाती भिन्न आहेत, आणि मांजराच्या पिसवेमुळे प्लेगची भीती कोणास घालू नये. तथापि आश्रय गेल्यावर पिसू माणसाकडे वळते, हा नियम दोघींना लागू आहे. शिवाय मांजर घालविले की माळ्यावरील भाताच्या कणगीपाशी उंदीर येतात, हे निराळेच.

मांजराची प्रकृती

आता औषधाकडे वळू. मांजर दिवसाचा मोठा भाग स्वतःचे अंग चाटण्यात घालविते. त्यामुळे त्याच्या बाबतीत बाह्य लेप आणि आभ्यंतर पान यांत भेद राहत नाही. अंगाला चोळलेले तेल तासाभरात पोटात गेलेले असते. आमच्या हातून जे घडले ते यामुळेच.

दुसरी गोष्ट यकृताची. ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग घडवून अनेक द्रव्यांचा निचरा करण्याची जी शक्ती माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजरात अत्यंत क्षीण आहे. माणसाला निर्धोक असणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे याचेच उदाहरण. आपल्या कपाटातील कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल, लवंग तेल, नीलगिरी तेल ही सुगंधी, तीक्ष्ण द्रव्ये मांजरास विषसमान ठरतात. पहिली तीन एकत्र करून घरोघरी ठेवलेली अमृतधाराही त्यातच आली. निंबतेल सौम्य मानले जाते, परंतु ते चोळल्यावर मांजरांना लाळ सुटणे, कंप येणे असे प्रकार घडलेले आहेत. दुधातून लसूण घालण्याचा सल्ला दिला जातो. लसूण व कांदा यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शेजारच्या पुरंदरमुळे आपल्याकडे सीताफळाच्या बियांना तोटा नाही, आणि उवांवर त्यांची पूड लावण्याची चाल जुनी आहे. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळास इजा होते, माणसाच्याही आणि मांजराच्याही.

येथे शास्त्राला कमीपणा येतो असे कोणी मानू नये. हत्तींसाठी पालकाप्याची आणि अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा स्वतंत्रपणे निर्माण झाली, याचा अर्थच असा की प्रत्येक प्राणिजातीची प्रकृती वेगळी आहे हे आपल्या पूर्वाचार्यांना मान्य होते. माणसाचा योग मांजरावर उतरविणे हे त्या परंपरेलाच सोडून आहे.

ग्रंथोक्त चिकित्सासूत्र

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचा विचार आला आहे. तेथे बाह्य मलज कृमींमध्ये यूका व पिपीलिका यांचा समावेश असून स्वच्छतेचा अभाव हे त्यांचे कारण सांगितले आहे. त्यांच्या स्थानांत केस, लोम यांच्याबरोबर वस्त्रांचाही निर्देश आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. चिकित्सा तीन अंगांनी सांगितली आहे : अपकर्षण, मलाचा उपघात आणि मल वाढविणाऱ्या गोष्टींचे असेवन. पिसू त्या यादीत नसली तरी चिकित्सासूत्र तिला तंतोतंत लागू पडते. यात तेलाच्या बाटलीचा उल्लेखही नाही. काढून टाकणे, आश्रय मोडणे व पुन्हा होऊ न देणे इतकाच क्रम आहे.

प्रत्यक्ष उपाययोजना

१. परीक्षण : उवांची बारीक दातांची फणी मांजराच्या मानेवरून व शेपटीच्या मुळाशी फिरवावी. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा होय. पिसू प्रत्यक्ष न दिसली तरी ही खूण पुरेशी समजावी, कारण स्वच्छताप्रिय मांजर पिसवा चाटून गिळून टाकते.

२. अपकर्षण : रोज फणी करावी व निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. अगदी लहान पिल्लांना बहुतेक औषधे चालत नाहीत. त्यांच्यासाठी फणी हाच मुख्य उपाय. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषून पांडुता आलेली असते. अशा पिल्लास त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

३. मांजराचे औषध : फिप्रोनिल, सेलामेक्टिन यांसारखी मानेच्या मागे, जेथे जीभ पोहोचत नाही तेथे टाकावयाची औषधे पशुवैद्याने वजन पाहून द्यावीत. अंडी उबू न देणारे मेथोप्रीन ज्यात आहे अशीही औषधे मिळतात. घरातील सर्व मांजरांना व कुत्र्यांना एकाच दिवशी आपापल्या जातीचे औषध द्यावे, आणि पशुवैद्य सांगतील त्या अंतराने, बहुधा दरमहा, किमान तीन महिने चालू ठेवावे. औषध दिलेले मांजर घरातच राहू द्यावे. कोशातून निघणाऱ्या पिसवा त्याच्याकडे ओढल्या जातात व मरतात. ते मांजर म्हणजे घरातील चालता-फिरता सापळाच होय.

४. वास्तूची चिकित्सा : मांजराची व माणसांची अंथरुणे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावीत. पावसात कडक ऊन मिळत नाही, म्हणून मांजराला जाड गोधडीऐवजी पातळ सुती फडके द्यावे. ते रोज बदलता येते. कोपरे, सांधे, कपाटाखालची जागा रोज झाडावी आणि केर उकिरड्यावर न टाकता जाळावा किंवा साबणाच्या पाण्यात टाकावा. झाडण्याच्या हादऱ्यांनी कोश फुटतात, हा लाभच समजावा. मातीच्या जमिनीच्या भेगा बुजवून सारवावे. माळ्यावरील जुना पेंढा व पोती काढून टाकावीत. उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडून घर कोरडे करावे. कोरडेपणा हा अळीचा खरा शत्रू आहे.

५. धूपन : निंबपत्र, गुग्गुळ, वेखंड यांच्या धूपनाची परंपरा आपणास प्रिय आहे. परंतु भेगेतील कोश त्याने नष्ट होतील असा भरवसा ठेवू नये. धूपन करावयाचे झाल्यास मांजर व लहान मुले बाहेर ठेवावीत आणि त्यास वरील उपायांचा पर्याय मानू नये.

सहा ते आठ आठवडे अधूनमधून पिसवा दिसतील, हे गृहस्थास पहिल्याच दिवशी सांगावे. ज्याला हे सांगितलेले असते तो धीर धरतो. ज्याला सांगितलेले नसते तो गोठ्यातील बाटलीकडे वळतो.

औषधविक्रेत्यांसाठी

गोठ्यातील बाटली म्हणजे गाई-म्हशींच्या गोचिडांचे औषध. आपल्या तालुक्यांत ते जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते. त्यात सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते, आणि मांजरावर ते लावणे म्हणजे विषप्रयोग होय. कुत्र्यांच्या काही औषधांत व माणसांच्या उवांच्या औषधांत परमेथ्रिन असते. तेही मांजरास प्राणघातक ठरते. म्हणून 'पिसवांचे औषध' मागणाऱ्यास विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारावा, "कोणत्या जनावरासाठी?" उत्तर 'मांजर' असेल तर वेष्टनावर मांजराचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय काहीही देऊ नये. 'वनस्पतिजन्य' हा शब्द त्यास अपवाद नाही.

असे काही आधीच लावले गेले असेल, तर मांजर कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, पुसून उबेत ठेवावे आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे पाठवावे. घरी उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. मांजरावर उपचार करणे हे आपल्या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार तो नोंदणीकृत पशुवैद्यांचा अधिकार आहे. योग्य ठिकाणी पाठविणे हेही वैद्याचेच कर्तव्य होय.

रुग्णपरीक्षेत एक प्रश्न

आपल्या खऱ्या रुग्णाकडे, म्हणजे माणसाकडे, परत येऊ. गुडघ्याखाली, घोट्याजवळ, दोन-तीनच्या पुंजक्याने आलेल्या खाजऱ्या पुळ्या दिसल्या की "घरात मांजर-कुत्रे आहे का? हल्ली बंद घर उघडले का?" हे विचारावे. लहान मुलांत ही खाज आठवडेच्या आठवडे टिकते व खाजवून जखमा चिघळतात. पिसू मुलाच्या पोटात गेल्यास एक प्रकारचा पट्टकृमी होऊ शकतो. मांजराच्या गुदाभोवती तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसणे ही त्याची खूण. पिसवांमधून काही ज्वरही पसरतात. मांजराने ओरखडल्यानंतर काखेत किंवा मानेत गाठ येऊन ताप आल्यास, अथवा पिसवांच्या घरातील रुग्णाचा ताप, डोकेदुखी व अंगावरील पुरळ आठवडाभर हटत नसल्यास त्यास पुढील तपासणीसाठी पाठवावे. निदान न सोडविता केवळ काढ्यांवर भर दिला तर दोष औषधाच्या माथी येतो.

उपसंहार

सारांश, मांजराच्या पिसवा चिवट वाटतात, कारण आपण विसावा हिस्सा धुतो व एकोणीस हिस्से तसेच सोडतो. मांजर घालवू नये, त्यास आपले तेल चोळू नये, त्याचे औषध पशुवैद्यांकडून घ्यावे आणि आपला सल्ला घराच्या शुद्धीकडे वळवावा.

ज्या वाड्यातील अनुभव वर सांगितला, तेथे आम्ही पुढे स्वतः जाऊन उभे राहिलो. माळ्यावरची पोती निघाली, भेगा बुजल्या, अंथरुणे उकळली, मांजरीला पशुवैद्यांनी महिन्याच्या महिन्याला औषध दिले. दिवाळीच्या सुमारास घर निर्मळ झाले. उरलेले एक पिल्लू मोठे होऊन पुढे बरीच वर्षे त्याच ओसरीवर नांदले. तेव्हापासून आमच्या औषधी कपाटातील कापराच्या बरणीवर एक चिठ्ठी लावलेली आहे : 'मांजरासाठी नाही.' वाचकांनी आपापल्या कपाटात अशी एक चिठ्ठी लावावी, एवढीच विनंती.